मंगळसूत्र, कुंकू आणि इरावतीबाई

प्रिय चिऊ,

काल तू फोनवर विचारलंस आणि नेमकी रेंज गेली. शेजारच्या काकू तुला म्हणाल्या, "तुझी आई मंगळसूत्र घालत नाही? मराठी बायका घालतातच की!" आणि तुला प्रश्न पडला, मग आई मराठी नाही का? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे. (आई, तू वाचशीलच, तेव्हा आधीच सांगते. तुझ्या मंगळसूत्राबद्दल यात वाकडं काही नाही.)

आधी माझं. प्रयोगशाळेत गळ्यात काही लोंबतं चालत नाही, हे मी लोकांना सांगते ते कारण. खरं आहे, पण पुरतं नाही. लग्न झाल्याची खूण बाबाच्या अंगावर कुठेच नाही, मग माझ्याच अंगावर का, हे मला कधी पटलं नाही. बस, एवढंच. यात माझा काही पराक्रम नाही. बर्लिनमध्ये माझा गळा रिकामा आहे की भरलेला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण पुण्यात सगळ्यांना देणंघेणं असायचं, त्या काळात एका बाईंनी हे केलं होतं. त्यांच्याबद्दल मला तुला सांगायचंय.

मागे आपण यू-3 मेट्रोने बर्लिनच्या डालेम भागात गेलो होतो आणि ईनेश्ट्रासेवरच्या 22 नंबरच्या इमारतीसमोर मी तुला उभं केलं होतं, आठवतं? तू कंटाळली होतीस. आता तिथे विद्यापीठाची मुलं राज्यशास्त्र शिकतात. 1927 साली ती इमारत उघडली तेव्हा तिथे माणसांचे 'वंश' अभ्यासणारी संस्था होती, आणि ऑयगेन फिशर तिचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला 1928 मध्ये पुण्याहून एक बाई आल्या. इरावती कर्वे.

त्यांचा जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथे नोकरीला होते, आणि तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला हुजूरपागा या मुलींच्या शाळेत पाठवलं. म्हणजे परदेशातून आलेली मराठी मुलगी हा प्रकार काही तुझ्यापासून सुरू झालेला नाही.

फिशर यांचं म्हणणं असं होतं की गोऱ्या लोकांच्या कवटीची उजवी-डावी बाजू एका विशिष्ट तऱ्हेने कमीजास्त असते, इतरांची तशी नसते, आणि त्यावरून गोरे लोक जास्त बुद्धिमान ठरतात. इरावतीबाईंना काम दिलं ते हेच दाखवून द्यायचं. दीडशेच्या आसपास कवट्या त्यांनी मोजल्या. त्यांतल्या काही जर्मनांनी आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. कशा आणल्या असतील, ते तू मोठी झालीस की बोलू. मोजून झाल्यावर त्यांनी लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या या वाकडेपणाचा काही संबंध दिसत नाही. म्हणजे ज्या सरांनी पदवी द्यायची, त्यांचंच म्हणणं प्रबंधात खोटं पाडलं. तेही परक्या देशात, परक्या भाषेत, वयाच्या पंचविशीच्या आत. मला विचारशील तर मंगळसूत्र न घालण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. पुढे नाझी आले तेव्हा ते सर आणि ती संस्था कोणत्या बाजूला गेली, ते त्या दारापाशी लावलेल्या पाटीवर लिहिलंय. पुढच्या वेळी नीट वाचू.

1930 मध्ये पदवी घेऊन त्या परत गेल्या. पुण्यात कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक. (तुझ्या पणजीने पणजोबांचं नाव जन्मात फक्त उखाण्यात घेतलं!) पुढे साडी नेसून स्कूटर चालवायला लागल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई, असं सांगतात. 1939 पासून डेक्कन कॉलेजात शिकवायच्या, आणि मधूनमधून मापं घ्यायची हत्यारं पिशवीत टाकून निघायच्या. कधी ओरिसा, कधी कुर्ग, कधी मलबार. गावोगाव माणसांची डोकी मोजायची, नातेवाईकांना काय काय म्हणतात ते विचारायचं. मामाच्या मुलीशी लग्न चालतं का, आतेभावाशी चालतं का, हे साऱ्या देशभर विचारत फिरलेली बाई! त्यावर त्यांनी 1953 मध्ये लिहिलेलं पुस्तक अजून विद्यापीठात वाचतात. शेवटी शेवटी कोयना धरणामुळे ज्यांची गावं बुडाली त्या लोकांची पाहणी केली. 1970 मध्ये गेल्या.

आता मला सगळ्यात गंमत वाटते ती त्यांच्या सासूबाईंची. आनंदीबाई त्यांचं नाव, पण सगळे बाया म्हणायचे. अगदी लहानपणी विधवा झालेल्या. त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेने कुंकू लावायचं नाही, मंगळसूत्र नाही, दुसरं लग्न तर नाहीच. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे पुढे ज्यांना महर्षी म्हणू लागले त्यांनी, त्यांच्याशी लग्न केलं आणि कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. वाळीत म्हणजे कुणी घरी बोलवायचं नाही, पंगतीला घ्यायचं नाही, काही नाही.

म्हणजे बघ, त्याच घरात सासूने कुंकू लावलं म्हणून लोक चवताळले आणि सुनेने लावलं नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्यामुळे कुणी मला 'मराठी बायका असंच करतात' म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कोणत्या? सासू की सून? हे काकूंना म्हणू नकोस हं. त्या प्रेमाने विचारतात. उलट त्यांच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली माहेरची कोणती ते विचार, मग अर्धा तास तरी तुझी सुटका नाही.

एक मात्र आहे. इरावतीबाईंना काही सगळ्या जगाशी एकट्याने भांडावं लागलं नाही. नवरा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि बायकोच्या बाजूने उभा. शाळेत असताना फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरात त्या मुलीसारख्या वाढल्या. थोरले दीर रघुनाथराव तर संततिनियमनावर उघडपणे लिहिणाऱ्या आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी कोर्टात उभे राहिलेले, त्यांच्यापुढे रिकाम्या कपाळाचं ते काय! आणि तरीही, जन्मभर बायकांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या सासऱ्यांनाच सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. घरचंच उदाहरण देते. तुझ्या पणजीच्या मनात असतं तरी तिला कपाळ मोकळं ठेवून फलटणच्या बाजारात जाता आलं नसतं. तिचं धाडस वेगळं होतं. तिने चारही मुलींना कॉलेजात घातलं, आणि घातलं ते सासऱ्यांना न विचारता.

तुझा प्रश्न मराठी असण्याचा होता. आता गंमत ऐक. मंगळसूत्र न घालणाऱ्या या बाई वारीला गेल्या. अभ्यास म्हणून नुसत्या बाजूला उभ्या राहून नाही, दिंडीबरोबर पायी पंढरपूरपर्यंत. त्यावर त्यांनी लिहिलेला लेख मी कॉलेजात असताना वाचला. त्यात त्या म्हणतात की मला महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडली, ज्या देशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. मला ही व्याख्या फार आवडते, पण मनातल्या मनात थोडी भांडतेही. फलटणच्या मशिदीशेजारचे तुझे पेरूवाले चाचा वारीला जात नाहीत, म्हणून ते कमी मराठी होतात का?

त्याच लेखात एक गोष्ट आहे. दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका दिवसभर एकत्र चालायच्या, तेच अभंग म्हणायच्या, आणि जेवायला वेगळ्या बसायच्या. इरावतीबाईंना ते फार खुपलं. त्या दोन्हीकडे जेवल्या. मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालायला लागल्या, आपलं सगळं सांगायला लागल्या, ताई म्हणायला लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ हं, असंही म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, पण तेव्हा तुम्ही आमच्याशी आत्तासारख्याच वागाल का? हा प्रश्न फार लागला, असं बाईंनी लिहिलंय. एवढ्या शिकलेल्या बाईला एका मुलीने वाटेत गाठून असं विचारावं, आणि बाईंनी ते झाकून न ठेवता छापावं, याचं मला त्यांच्या स्कूटरपेक्षा जास्त कौतुक आहे.

यंदा अधिक महिन्यामुळे आषाढी उशिरा आलीय, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझी सुट्टी आणि पालखी एका वेळी जमलीय. माउली तरडगावहून फलटणला येतील तेव्हा आजीच्या अंगणात बायका मुक्कामाला उतरतील, दरवर्षी उतरतात. पिठलं आजी करेल, भाकऱ्या त्या स्वतःच थापतात, तू एखादी थापून बघ. तुटली तर हसतील, हसू देत. आजी तुला पाहुणी म्हणून आत टेबलावर वाढायला बघेल. तू बाहेर त्यांच्याच पंगतीत बस.

तुझी,
आई