पोस्ट उडवण्याआधी

द्वेष पसरवणाऱ्या पोस्टी काढल्या की मुस्कटदाबी, राहू दिल्या की गुंडांना मोकळं रान, मग समाजमाध्यमांनी करायचं तरी काय, असा तुमचा प्रश्न आहे. बरीच वर्षं एका मोठ्या गटाचा मॉडरेटर होतो, म्हणून आधी माझीच एक चूक सांगतो.

एका सदस्येने तिला खासगीत आलेल्या घाणेरड्या धमकीचा स्क्रीनशॉट गटावर टाकला. मी शब्द पाहिले, पोस्ट उडवली, वर आठ दिवसांची बंदी घातली. धमकी देणारा आयडी तसाच शाबूत! दाद मागायची सोयच नव्हती, त्यामुळे चूक लक्षात यायला दोन दिवस गेले. पोस्ट परत लावली, माफी मागितली, पण ती पुन्हा काही लिहायला आली नाही. मी तर अभिव्यक्तीला आळा घालून त्या सदस्येचं संरक्षण करतोय अशा समजुतीत होतो.

म्हणून 'स्वातंत्र्य विरुद्ध सुरक्षितता' असा तराजू मला पटत नाही. ज्याला रोज धमक्या येतात तो गप्प बसतो, म्हणजे बोलायचा हक्क त्याचाही जातो. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १९ इथे फार कामाचं आहे. बोलण्यावर बंधन घालायचं तर ते आधीपासून स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांचे हक्क जपण्यासारखं रास्त कारण हवं, आणि बंधन गरजेपुरतंच हवं. हा करार सरकारांना बांधतो, कंपन्यांना नाही, हे खरं. पण कंपन्यांनीही आपले नियम मानवी हक्कांच्या याच चौकटीत बसवावेत, अशी शिफारस संयुक्त राष्ट्रांचे अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठीचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक डेव्हिड के यांनी २०१८ मध्ये केली होती.

यातली 'गरजेपुरतं' ही अट सगळ्यात जास्त पायदळी तुडवली जाते. काढणं आणि ठेवणं यांच्यामध्ये बरंच काही असतं : इशारा लावणं, प्रसार कमी करणं, प्रतिसाद बंद करणं, ठरावीक मुदतीची बंदी. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने ट्रम्प यांचं खातं बेमुदत बंद केलं. त्याच कंपनीने नेमलेल्या देखरेख मंडळाने मे महिन्यात बंदी योग्य ठरवली, पण 'बेमुदत' या शब्दावर बोट ठेवलं, कारण अशी शिक्षा नियमांत नव्हतीच.

संदर्भाचं म्हणाल तर, व्हिएतनाम युद्धात नापामने भाजून उघडीच धावणाऱ्या मुलीचं १९७२ चं छायाचित्र फेसबुकने २०१६ मध्ये नग्नतेच्या नियमाखाली काढलं होतं. नॉर्वेत गदारोळ झाला, तिथल्या पंतप्रधानांची पोस्टही उडाली, तेव्हा कुठे माघार. उलट म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांविरुद्धचं विष फेसबुकवर वर्षानुवर्षं तसंच राहिलं. नियम होते, पण बर्मी जाणणारे तपासनीस पुरेसे नव्हते. आपण पुरेसं केलं नाही, अशी कबुली कंपनीने २०१८ मध्ये दिली. मला विचाराल तर नवा नियम लिहिण्याआधी ती भाषा आणि तिथल्या शिव्या कळणारी माणसं नेमावीत. चिथावणी ओळखायला संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात आराखड्यातले सहा प्रश्न हाताशी ठेवा : परिस्थिती काय आहे, बोलणारा कोण, त्याचा हेतू काय, मजकूर कसा आहे, तो किती दूर पोचतो, आणि त्यातून खरंच इजा होण्याची शक्यता किती. गल्लीतला वाचाळ आणि लाखो अनुयायी असलेला पुढारी एकच वाक्य बोलले, तरी उत्तरं वेगळी येतात.

सगळं यंत्रावर सोपवावं, असंही तुम्ही सुचवलंय. स्पॅमसाठी खुशाल सोपवा. पण २०१७ मध्ये अशाच यंत्राच्या छाननीत यूट्यूबवरून सीरियातल्या युद्धाच्या असंख्य चित्रफिती गेल्या. त्यांत अत्याचारांची नोंद ठेवणाऱ्यांच्याही होत्या. काही परत आल्या, सगळ्या नाही. निदान असा मजकूर पडद्यावरून हटवला तरी पुसून टाकू नये. उद्या कुणाच्या खटल्यात तोच पुरावा असेल.