आयरिस: हवा पाहा, मग जात निवडा

प्रश्न : मनालीहून आणलेला आयरिस पुण्यात कुंडीत लावला. पानं भरपूर आली, फूल एकही नाही. यंदाच्या पावसाळ्यात कंदही सडला. काय चुकलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लावण्यात चूक नाही, ही जात पुण्याची नाही. आडव्या कंदाचा, पाकळीवर दाढीसारखी केसाळ पट्टी असलेला हा आयरिस कोरड्या उन्हाळ्याचा आणि कित्येक आठवडे सलग टिकणाऱ्या थंडीचा. पुण्यात रात्री गारवा पडतो, पण दुपारी हवा पुन्हा तापते. तेवढ्यावर फुलाचा दांडा धरत नाही. पावसाळ्यातल्या उबदार, ओल्या मातीत जिवाणूंमुळे कंदाला मऊ कूज लागते. दाबला तर बोट आत जातं आणि घाण वास येतो. नत्रयुक्त खत जास्त झालं असेल, तर कूज आणखी लवकर पसरते.

त्याऐवजी निओमारिका लावा. फूल दिसायला आयरिससारखंच. ते एकच दिवस टिकतं, पण नंतर दांड्याच्या टोकाला छोटं रोप येतं. दांडा वाकून मातीला टेकला की तिथेच मुळं धरतो. भर उन्हाची जागा असेल तर आयरिसच्याच कुळातलं डायटीस. डच आयरिसचा हट्टच असेल, तर कांद्यासारखे असणारे त्याचे कंद आधी थंडी दिलेलेच घ्या, नोव्हेंबरमध्ये 10 सेंमी खोल लावा आणि फुलं झाल्यावर टाकून द्या.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कंद अर्धा उघडा ठेवला, तरी दरवर्षी सडतो. (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : तो नियम दाढीवाल्या आयरिसचा. ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात लुइझियाना आयरिस लावा. शेजारच्याच राज्यातल्या दलदलीतला तो. इथे नियम बरोबर उलटा: कंद उघडा राहिला तर उन्हाने भाजतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 2-3 सेंमी मातीखाली लावा आणि वर 5-7 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. माती सतत ओलसर आणि तिचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) 6.5 च्या खाली हवा. पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर सामू वाढल्यामुळे लोह मिळत नाहीये. थोडं गंधक मिसळा. भर उन्हाळ्यात काही पानं वाळतात, त्याची काळजी नको. रंगाची हौस असेल तर ‘ब्लॅक गेमकॉक’ बघाच, जवळजवळ काळा जांभळा!

प्रश्न : न्यू जर्सीत थंडी भरपूर, तरीही दाढीवाला आयरिस खंगतो आहे. पानांवर ओलसर रेघा, कंद आतून पोकळ. (एक वाचक)

उत्तर : ही आयरिस पोखरणारी अळी. पतंग शरद ऋतूत जुन्या पानांवर अंडी घालतात. वसंतात अळ्या पानात शिरतात आणि उन्हाळ्यात कंदापर्यंत उतरतात. रेघ दिसताच पान तिथेच चिमटीत दाबा, आतली अळी मरते. जुलै-ऑगस्टमध्ये गड्डा उपसून पोखरलेला भाग कापा, जखम सावलीत सुकू द्या, पानं 15 सेंमी ठेवून कंदाची पाठ उघडी राहील असं पुन्हा लावा. कडक हिमानंतर वाळलेली पानं मुळापासून काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. अंडी त्यांच्यावरच असतात.