यादीतील दगडी घर, प्लास्टिकच्या खिडक्या आणि अपिलाची मुदत

इंग्लंडमध्ये जुने घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न या ना त्या रूपात वारंवार येतो. आपल्या कॉट्सवोल्ड्समधील ग्रेड टू, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीतील, दगडी कॉटेजच्या लाकडी खिडक्या आधीच्या मालकाने 2009 मध्ये काढून प्लास्टिकच्या बसवल्या, आपण घर 2021 मध्ये घेतले, आणि आता नियोजन प्राधिकरणाने जुन्या पद्धतीच्या खिडक्या पुन्हा बसवण्याची नोटीस बजावली आहे. इतक्या वर्षांनी ती चालेल का, असे आपण विचारता.

चालेल. ठरावीक वर्षे उलटली की कारवाई होत नाही, हे आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे साध्या बांधकाम परवानगीपुरते खरे आहे. यादीतील इमारतींसाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या कलम 38 खालच्या नोटिशीला अशी कालमर्यादा नाही. विनापरवाना बदल केल्याचा गुन्हा आधीच्या मालकाचा, तो आपल्या माथी येत नाही. मात्र नोटीस अमलात आल्यावर ती न पाळल्याचा गुन्हा त्या वेळच्या मालकाचा, म्हणजे आपलाच ठरेल.

नोटीस मिळून 19 दिवस झाले, हे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. खरे तर पत्र तिथूनच सुरू व्हायला हवे होते. नोटीस अमलात येण्याची तारीख तिच्यातच लिहिलेली असते, ती बजावल्यापासून किमान 28 दिवसांनंतरची असते, आणि अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे त्या तारखेपूर्वी पोहोचावे लागते. भारतातील न्यायालयांत विलंब माफीचा अर्ज करण्याची आपल्याला सवय आहे. तशी सोय इथे नाही, मग कारण आजारपणाचे असो की भारतवारीचे. अपील वेळेत गेले, तर निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते. या बदलाला परवानगी मिळायला हवी, सांगितलेले काम गरजेपेक्षा जास्त आहे, कामासाठी दिलेली मुदत अपुरी आहे, यांपैकी लागू पडतील ती कारणे आताच मांडा. प्लास्टिकच्या खिडक्यांबाबत पहिले कारण टिकेल याची मला फारशी आशा नाही. कामाच्या मुदतीचे टिकू शकेल.

घर यादीत कधी आले तेही पाहा, कारण खिडक्या त्याआधीच्या निघाल्या तर प्रकरणच वेगळे होईल. घर घेताना आधीच्या विनापरवाना बदलांपासून संरक्षण देणारा विमा उतरवला असल्यास प्राधिकरणाला काहीही लिहिण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. अशा पॉलिसींत प्राधिकरणाशी परस्पर संपर्क साधण्यास बहुधा मनाई असते. विक्रेत्याने विक्रीच्या प्रश्नावलीत काय उत्तर दिले होते, यावर भरपाईचा दावा अवलंबून राहील. करारभंगाच्या दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षे असते आणि ती 2021 पासून धावते आहे, पण ते काम अपिलानंतरचे.

सुताराला मात्र अजून बोलावू नका. नोटिशीत सांगितल्यापेक्षा वेगळ्या खिडक्या बसवायच्या असतील, तर आधी परवानगी घ्यावी लागेल. तिच्या अर्जाला शुल्क नाही.