उशाशी बसणाऱ्या मैत्रिणीला

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मैत्रिणीच्या अपघाताला दीड महिना झाला, मणक्याची शस्त्रक्रिया झाली, जिवावरचं टळलं, पण कमरेखाली अजून हालचाल नाही आणि डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. एवढं सगळं तू दोन ओळींत उरकलंस आणि बाकीचं पान एकाच गोष्टीवर भरलंस. ती म्हणाली, बायबल मिटून ठेव आणि माझ्यासमोर प्रार्थना करू नकोस. आता तिला विश्वासात परत कसं आणू, असं तू विचारतेस.

बाळा, ते काम तुझ्यावर कोणी सोपवलेलं नाही. ते प्रभूचं आहे, त्याला करू दे. तू तिची मैत्रीण आहेस, तेवढीच राहा.

पत्रात एक वाक्य तू खोडलं होतंस, तरी मला वाचता आलं. रविवारची उपासना बुडवून स्कूटीवरून फिरायला निघाली म्हणून असं झालं, अशी आपल्या चर्चच्या मंडळीत कुजबुज आहे म्हणे. हे कोणी तुझ्यासमोर बोललं तर लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पुढे ठेव. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या बाकीच्या लोकांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं प्रभूने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्यापुढे तो पश्चात्तापाचं बोलला खरा, पण समोर उभ्या असलेल्या, धडधाकट ऐकणाऱ्यांना. कुजबुजणाऱ्या बायकांनी ती ओळ जरूर वाचावी.

त्या दिवशी तूही मागे बसणार होतीस, परीक्षेमुळे राहिलीस. मग मीच का वाचले, हा प्रश्न तुला झोपू देत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि दुसरं कोणी देऊ लागलं तर घेऊ नकोस. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि त्याला भेटायला त्याचे मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. त्याचं दुःख इतकं मोठं होतं, की एकानेही तोंड उघडलं नाही. मित्र म्हणून त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. पुढे अध्यायच्या अध्याय त्यांनी देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावर. ज्याने देवाशी भांडण केलं, तो ईयोब योग्य बोलला असा निवाडा झाला. हे लक्षात ठेव. मला हा भाग सगळ्या पुस्तकातला सर्वांत दयाळू वाटतो.

म्हणून ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य त्या खोलीत नको. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन खरं आहे, त्याच्या आधाराने मी जगले आहे. पण ते ज्याला लागलंय त्याने स्वतः, त्याच्या वेळेला उच्चारायचं असतं. दोन पायांवर उभं राहून दुसऱ्याला ऐकवायचं नसतं. तिच्या रागाची तुला भीती वाटत असेल तर घरी एकटीने स्तोत्र ८८ वाच. पहिल्यापासून तक्रार आहे आणि शेवटही अंधारातच होतो. तरी ते प्रार्थनाच म्हणून स्तोत्रसंहितेत ठेवलं आहे. तिच्यासाठी प्रार्थना कर, पण घरी कर, दवाखान्याच्या जिन्यात कर. तिच्यासमोर करायची तर आधी विचार, आणि नको म्हणाली तर तोंड पाडू नकोस.

आता वॉर्डातलं सांगते. माझं सगळं आयुष्य त्यात गेलं.

दर दोन तासांनी तिची कूस बदलली जाते की नाही, यावर लक्ष ठेव. तिला त्या भागात जाणीव नाही, म्हणजे कातडी सोलवटली तरी दुखणार नाही, आणि जखम आतपर्यंत गेल्यावरच कळेल. माकडहाड, खुबे आणि टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून फिका होत नसेल तर लगेच सिस्टरला सांग. चादरीची साधी सुरकुतीसुद्धा ताणून सारखी करायची. पण तिला एकटीने वळवायला जाऊ नकोस. पाठीचा कणा सरळ राहायला हवा, ते शिकलेल्या हातांचं काम.

तुला जमेल ते मी सांगते. इतके दिवस पाठीवर पडून तिच्या केसांची मागे जट झाली असेल. खोबरेल तेल घे, टोकाकडून सुरुवात कर, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. केस मुळाशी मुठीत घट्ट धरलेस की डोक्याला हिसका बसत नाही. मानेला धक्का नको. डोकं किती वळवायचं ते आधी सिस्टरला विचार. अर्धा तास सहज जाईल, आणि तेवढ्यात तिची आई खाली जाऊन चहा पिऊन येईल. त्या वेळी तिच्याशी काहीही बोल, तुमच्या कॉलेजातल्या भानगडी बोल. नळीची, पिशवीची तिला तुझ्यासमोर लाज वाटत असणार. सिस्टर आत आली की ‘मी बाहेर थांबू का?’ एवढं विचार. सध्या तिच्या हातात ठरवण्यासारखं फार थोडं उरलंय, हे तरी तिला ठरवू दे.

पहिले पंधरा दिवस फळांच्या पिशव्या ठेवायला जागा नव्हती आणि आता कोणी फिरकत नाही, असं तू लिहिलंस. असंच होतं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं. दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडली. प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाचा विश्वास होता की आटला होता, याबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या मैत्रिणीने काही दिवस विश्वास ठेवला नाही तरी चालेल. पण तू एकटी बाज उचलू नकोस, पाठ मोडेल. आणखी तिघी शोध आणि वार वाटून घ्या. गायनवृंदातल्या दोघी येतीलच. तुमच्या वर्गातली ती मुलगी, जी आपल्या देवळात कधी आली नाही आणि तरी रोज फोन करते, तिलाही घे.

एक नाव तुझ्यापाशी ठेव. तिला लगेच सांगू नकोस, बळ देणाऱ्या गोष्टी फार लवकर ऐकवल्या की त्या टोचतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेरी व्हर्गीस नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. १९५४ साली मित्रमंडळींबरोबर सहलीला जाताना गाडी उलटली आणि त्यांचे पाय कायमचे गेले. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड तिथेच होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, असं त्यांनी मेरीबाईंना सुचवलं. चाकाच्या खुर्चीत बसून त्या ते काम शिकल्या. पुढे परदेशात पुनर्वसनाचं शिक्षण घेऊन आल्या आणि वेल्लोरचा पुनर्वसन विभाग उभा केला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते ब्रँडसाहेबांचं बोलणं. त्यांनी सांत्वन केलं असेलच, पण त्याबरोबर काम दिलं. तुझ्या मैत्रिणीलाही काहीतरी माग. तुझं अकाउंट्स कच्चं आहे ना? तिच्याकडून शिकून घे. तिला तुझी गरज आहे, तशी तुला तिची आहे, हे तिला दिसू दे.

आणि आत्ताच करण्यासारखं एक काम. आज ना उद्या ती घरी येईल. चाकाची खुर्ची दोन ते सव्वादोन फूट रुंद असते. टेप घेऊन तिच्या घरची दारं मोज, न्हाणीघराचं आधी मोज. मग आपल्या देवळाच्या पायऱ्यांची उंची घे. उतार करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे बाजूच्या भिंतीपर्यंत जागा आहे का तेही बघ. तिला कधी यावंसं वाटेल की नाही कोण जाणे. तरी उतार हवाच. गुडघे धरून पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याकडे काय कमी आहेत? मापं आली की चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीशी मी बोलते.

जेवत जा वेळेवर. तिच्या आईला माझा सलाम सांग.

तुझी,
मावशी