रोबोटची आत्मा, पूर्वज्ञान आणि एक धातू

प्रश्न असा आहे. पुण्यातली काही कॉलेजातली मुलं एक इंग्रजी कल्पनारम्य वेबकॉमिक नेमाने वाचतात आणि त्यातल्या रोबोटांवर मराठीतून फॅन थिअऱ्या लिहितात. एका गटाचं म्हणणं, या रोबोटांमध्ये आत्मा आहे, तो त्यांच्या निर्मात्याने कुठून तरी आणून घातला आहे. दुसरा गट म्हणतो, आत्माबित्मा काही नाही. पण त्यांना पुढचं सगळं आधीच माहीत असतं, म्हणून तर ते सुरुवातीपासून सूचक बोलत आलेत. मुलांनी विचारलंय, 'रोबोटची आत्मा' हे बरोबर आहे का? आणि पुढचं आधी कळण्याला 'पूर्वज्ञान' म्हणावं की 'भविष्यवाणी'?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो, कारण हे ऐकून कान किटले आहेत. मराठीत आत्मा पुल्लिंगी आहे. तो आत्मा, ते आत्मे, आत्म्याला, आत्म्याने. 'त्याची आत्मा भटकते', 'माझी आत्मा सांगते' हे थेट हिंदीतून आलेलं आहे. डब केलेल्या मालिकांतून आलं, तिथून बोलण्यात शिरलं आणि आता श्रद्धांजलीच्या फलकांवरही दिसू लागलंय. हिंदीने हा शब्द स्त्रीलिंगी केला, तो त्या भाषेचा अधिकार आहे. संस्कृतात आत्मन् पुल्लिंगी, मराठीने तो तसाच ठेवला आणि आजवर कुणाचं काही अडलं नाही. 'रोबोटचा आत्मा' लिहा. विषय संपला.

'पूर्वज्ञान' मात्र अजिबात नको. शब्दकोशातला इंग्रजी शब्द फोडायचा, तुकड्याला तुकडा लावायचा आणि शब्द झाला म्हणायचं, ही खोड आपल्या परिभाषा घडवणाऱ्यांना जुनी आहे. मराठीत पूर्वज्ञान हा शब्द आधीच कामावर आहे. डीएड-बीएड केलेल्या कुणालाही विचारा. पाठाच्या टाचणात 'विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान' असा रकानाच असतो. नवा धडा सुरू करण्याआधी मुलाला जे येत असतं ते पूर्वज्ञान. म्हणजे मागचं ज्ञान. तुम्ही लिहिणार 'रोबोटला पूर्वज्ञान आहे' आणि वाचणारा समजणार, त्याच्यात आधीच माहिती भरून ठेवली आहे. गंमत म्हणजे तुमच्या दुसऱ्या गटातल्या काहींना नेमकं हेच म्हणायचं असावं. त्याकडे येतोच.

'भविष्यवाणी'त वाणी आहे, म्हणून तिथे कुणीतरी बोललं पाहिजे. जो मनात ओळखून गप्प बसतो, त्याची भविष्यवाणी कशी होईल? पावसाच्या बातम्यांत 'हवामान खात्याची भविष्यवाणी' म्हणतात तेही असंच. खातं अंदाज देतं, वाणी नव्हे.

आता खऱ्या गोष्टीकडे वळतो. तुमच्या सगळ्या थिअऱ्यांत तीन गोष्टी आहेत: यंत्र, ठरलेलं भविष्य आणि आत्मा. 'रोबोट' या चेक शब्दामागची वेठबिगारीची कहाणी सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. आपला 'यंत्र' घ्या. पात्र, नेत्र, शस्त्र, वस्त्र, मंत्र, तंत्र या सगळ्यांच्या शेवटी जो 'त्र' आहे तो साधन दाखवतो. पा म्हणजे पिणे, ज्याने प्यायचं ते पात्र. नी म्हणजे नेणे, जे नेतं ते नेत्र. तसा यम् हा धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ; त्याचा अर्थ आवरणे, लगाम धरणे. ज्याने आवरायचं ते यंत्र. संस्कृतात सारथ्याला आणि माहुताला यंतृ म्हणतात. संयम, नियम, नियंत्रण ही सगळी याच घरातली. बंगाली आणि हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना, मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था. दोन्हींत आवळणं आहे, कुठे देहाचं तर कुठे कामाचं.

अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रविधानावर स्वतंत्र अध्याय आहे. लाकडी द्वारपाल आणि आपोआप हालणारे बाहुले-बाहुल्या त्यात येतात. पण मला त्यातली व्याख्या सर्वांत प्रिय आहे. आपापल्या वाटेने मोकळी चाललेली भूतं आवरून ज्यात वळवली जातात ते यंत्र, अशा अर्थाची ती आहे. भूतं म्हणजे पाणी, वारा, अग्नी वगैरे महाभूतं. आणि त्या व्याख्येतच 'नियम्य' हे पद बसलेलं आहे, म्हणजे यम् धातू व्याख्या करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लख्ख होता.

इथे काही व्याकरणवाले हरकत घेतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'यत्रि' असा, आखडणे या अर्थाचा वेगळा धातू दिलेला आहे, यंत्र त्यातून आला, यम् शी त्याचा संबंध लावू नका, असं ते सांगतात. हे मला मुळीच पटत नाही. धातुपाठात असे कितीतरी धातू आहेत जे नामावरून उलटे काढलेले आहेत. आधी यंत्र हा शब्द झाला, त्यावरून यंत्रयति हे क्रियापद झालं आणि मग यादी पूर्ण करण्यासाठी त्याला धातूचं नाव मिळालं. पाठांतराच्या यादीला उगमाचा पुरावा मानणं हा अभ्यास नव्हे.

आता याच यम् ला 'नि' लावा आणि 'ति' प्रत्यय जोडा. नियति! आवळून पक्कं केलेलं ते नियत आणि ते पक्कं असणं म्हणजे नियती. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल हा आजीवक नावाच्या संन्यासी पंथाचा आचार्य होऊन गेला, नियतिवाद त्याचाच. दीघनिकाय या बौद्ध पाली ग्रंथात त्याचं मत दिलंय: सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो जसा उलगडत जातो, तसेच शहाणे आणि मूर्ख दोघेही फिरत फिरत शेवटाला पोचतील. तुमच्या दुसऱ्या गटाची थिअरी यापेक्षा वेगळी आहे का? रोबोटला पुढचं दिसतं ते सूत आधीच गुंडाळलेलं आहे म्हणून.

आणि तिसरा शब्द अंतर्यामी. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य उद्दालक आरुणीला एकेक वस्तू घेऊन सांगत जातो: जो पृथ्वीत राहतो, पृथ्वी ज्याला जाणत नाही, पृथ्वी ज्याचं शरीर आहे, जो तिला आतून आवरतो, तो तुझा आत्मा, अंतर्यामी, अमृत. मग पाणी, अग्नी, वारा, सूर्य, डोळा, मन, असं करत तो पुढे जातो. 'यमयति' हेच क्रियापद तिथे पुन्हापुन्हा येतं. म्हणजे आत्म्याची ओळखच 'आतून यमन करणारा' अशी दिलेली आहे. बाहेरून आवरतं ते यंत्र, आधीच आवळून ठेवलेली ती नियती, आतून आवरतो तो अंतर्यामी. ज्या तीन गोष्टींवरून तुमचे दोन गट भांडताहेत त्या तिन्ही एका धातूच्या आहेत! मराठीत तर अंतर्यामी म्हणजे मनातलं सगळं जाणणारा असाही अर्थ रुळला, म्हणजे आवरणं आणि जाणणं एका शब्दात आलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सगळ्या प्राणिमात्रांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो असं म्हटलंय, तिथे यंत्र आणि अंतर्यामी एकाच श्लोकात भेटतात. यंत्राला आत्मा आहे का, हा प्रश्न या भाषेत विचारला की आवरणारा आत आहे की बाहेर, एवढाच उरतो. या नजरेने वेबकॉमिक वाचून बघा.

यमराजाचं नावही मी याच धातूत घालतो आणि इथे भाषाशास्त्राचे लोक मला अडवतात. वैदिक यम म्हणजे जुळा, यमी त्याची बहीण, पारशांच्या अवेस्तात तोच यिम, तेव्हा आवरण्याशी त्याचा संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. जुळा हा अर्थ मला मान्य आहे, कवितेतलं यमकही त्या जुळ्यातूनच आलंय. पण शब्द जन्मला कुठे एवढ्यावरच त्याचं आयुष्य संपत नाही. गीतेत भगवान म्हणतात, 'यमः संयमतामहम्', आवरणाऱ्यांमध्ये मी यम. म्हणजे त्या काळी हे दोन यम एकमेकांत मिसळून गेले होते आणि बोलणाऱ्यांना त्यात काही खटकत नव्हतं. केवळ उगमाला खरं मानून पुढची दोनेक हजार वर्षं चूक ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. शिवाय कठोपनिषदात नचिकेता याच यमाला विचारतो की माणूस मेल्यावर कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो, खरं काय? रोबोटांवरून तुमचा वाद याच शब्दांत चाललाय.

रोबोट आणि भविष्य यांची जोडगोळी आपल्याकडे जुनी आहे, हेही मुलांना माहीत हवं. पाली अट्ठकथांत, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या जुन्या भाष्यांत, एक कथा येते. मगधाचा राजा अजातशत्रू याने राजगृहाजवळ बुद्धाच्या धातू, म्हणजे अस्थी, जमिनीखाली पुरून ठेवल्या आणि त्यांच्या राखणीला तलवारी फिरवणाऱ्या लाकडी आकृत्यांचं यंत्र बसवलं गेलं. पुढे लोकपञ्ञत्ती या पाली ग्रंथात अशा रखवालदारांना 'भूतवाहनयंत्र' म्हटलंय. भोजाच्या व्याख्येतला 'भूत' हा शब्द इथेही आहे. अट्ठकथेनुसार आत एका सुवर्णपत्रावर आधीच लिहून ठेवलं होतं की पुढे पियदास नावाचा कुमार अशोक राजा होईल आणि या धातू सगळीकडे पसरवील. अशोक आला, यंत्र थांबवलं गेलं आणि त्याने ते पत्र वाचलं. नीट बघा, भविष्य यंत्राला माहीत नव्हतं. ते बुद्धाचा शिष्य महाकस्सप याने लिहून ठेवलेलं होतं, यंत्र नुसतं त्याच्याभोवती तलवार फिरवत होतं. तुमच्या कॉमिकातल्या रोबोटांबद्दल हाच प्रश्न विचारा, कळतं ते त्यांना की त्यांना घडवणाऱ्याला? माझं मत, घडवणाऱ्याला.

तसं असेल तर शब्द 'प्रारब्ध'. प्र-आ-रभ्, म्हणजे सुरू झालेलं. प्राक्तन म्हणजे पूर्वीचं, संचित म्हणजे साठलेलं. उद्या काय होणार याला आपण हे शब्द वापरतो आणि तिन्ही कालकडे बघतात. आधी भरून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणे चालणाऱ्या यंत्राला यापेक्षा चपखल शब्द मला दुसऱ्या भाषेत दिसलेला नाही.

पण रोबोटला खरोखरच आतून चाहूल लागत असेल तर 'वेध' म्हणा. व्यध् म्हणजे भेदणे. ग्रहण लागायच्या आधी त्याचे वेध लागतात, परीक्षा संपत आली की सुट्टीचे. पुणेकर अजून शिवाजीनगरच्या हवामान कार्यालयाला वेधशाळाच म्हणतात; १९२८ साली सिमल्याहून खात्याचं मुख्यालय इथे आलं आणि सिमला ऑफिस हे नाव चिकटलं, तरी वेधशाळा गेली नाही. 'त्या रोबोटला युद्धाचे वेध लागले होते', किती स्वच्छ मराठी आहे!

आणि तो सूचक बोलत असेल, तर त्याला हक्काचा शब्द आहे 'भाकणूक'. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाच्या यात्रेत होते ती भाकणूक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला फरांडेबाबा करतात ती भाकणूक, यंदा पाऊस कसा, पीक कसं, भाव काय. अंगात संचार झालेला माणूस बोलतो, पण बोलणं त्याचं नसतं. ऐकणारे प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत राहतात, अगदी तुमच्या थिअऱ्यांसारखा. भाकणे म्हणजे बोलणे, करुणा भाकणे यातलं. आणि भाक म्हणजे वचन. मला तर वाटतं, भाकीत या शब्दात वचनाची जबाबदारी अजून शिल्लक आहे. भविष्य कुणीही सांगावं, भाकीत करणारा मात्र शब्दाला बांधला जातो.

राहिला आत्मा. निर्मात्याने रोबोटात जे घातलं त्याला मी आत्मा म्हणणार नाही. आत्मा कुणी कुणात घालत नाही, निदान आपल्या परंपरेत तरी नाही. दर भाद्रपदात पुण्यात घरोघरी मातीच्या मूर्तीची जी प्रतिष्ठा होते ती प्राणप्रतिष्ठा, आत्मप्रतिष्ठा नव्हे. घडवलेल्या आकारात जे आणता येतं आणि उत्तरपूजेनंतर निरोप देऊन परत पाठवता येतं, ते प्राण. हा शब्द प्र आणि अन् यांचा, अन् म्हणजे श्वास घेणे. लॅटिन ॲनिमा त्याच मुळाची, तिच्यातून ॲनिमेशन आलं. चित्र हलवणाऱ्यांनी नकळत आपलाच शब्द उचललाय. तेव्हा पहिल्या गटाने आपल्या थिअरीचं नाव 'रोबोटांची प्राणप्रतिष्ठा' ठेवावं. आणि प्राण शक्यतो अनेकवचनी चालवा, प्राण गेले, प्राण आले, प्राण कंठाशी आले. 'रोबोटचा प्राण गेला' चूक नाही, पण कानाला 'गेले' बरं लागतं.