मोठी गाडी, खरी पैठणी आणि भावकीची नजर

प्रश्न : आमच्या भावकीतल्या दोन घरांची जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला आला आणि दोघांच्याही दारात मोठ्या गाड्या आल्या. माझी सात एकर तशीच आहे. पोरगा आता रोज गाडीचंच काढतो. काय समजूत घालू? (शेतकरी, जालना जिल्हा)

दादा, पोराला गाडीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचतंय. मुंबईच्या उद्योगपतीच्या बंगल्याचा आपल्याला हेवा वाटत नाही. बांधाला बांध असलेला चुलतभाऊ एका वर्षात वर गेला, की झोप उडते. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. ज्या पिनकोडला बक्षीस लागतं तिथल्या तिकीटवाल्यांना पैसे मिळतात, त्यातल्या एकाला बीएमडब्ल्यूही मिळते. संशोधकांना असं दिसलं, की ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं अशा शेजाऱ्यांचाही गाडीवरचा खर्च वाढला. त्यांच्या हाती एक पैसा आला नव्हता, फक्त शेजारी बदलला होता. तुमच्या गावात तेच झालंय.

अशा खर्चाला अर्थशास्त्रात दिखाऊ उपभोग म्हणतात. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे मांडलं. त्याचं म्हणणं असं, की पैसा नुसता असून मान मिळत नाही, तो लोकांना दिसावा लागतो. सातबारा घेऊन कुणी लग्नाला जात नाही, गाडी मात्र मांडवाच्या दारात उभी राहते.

मुलाचं वय तुम्ही लिहिलं नाही. लग्नाचं असेल तर गोष्ट आणखी खोल आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुखणं मराठवाड्यात घरोघरी आहे. गाडी दारात असली की पाहुणे निदान उंबरा तरी ओलांडतील, असं त्याला वाटत असेल. त्याला वेडा म्हणू नका. ‘ही गाडी कुणाच्या दारात नेऊन उभी करायची आहे?’ एवढंच विचारा आणि तो बोलेल ते ऐकून घ्या. मग हिशेब मांडा. चुलत्यांनी गाडी मोबदल्यातून घेतली, तुम्हाला ती जमीन विकून किंवा कर्ज काढून घ्यावी लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. गाडीची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. सात एकरातलं एक एकर गेलं तर ते परत येत नाही.

प्रश्न : मुलीच्या बस्त्यात खरी पैठणी घ्यायची माझी इच्छा आहे. घरचे म्हणतात सेमी घे, कुणाला कळतंय? पण मन मानत नाही. हा हट्टच आहे का? (गृहिणी, नांदेड)

ताई, तुमच्या मनाचं उत्तर त्या ‘कुणाला कळतंय’मध्येच आहे. कुणाला कळणार नाही हे माहीत असूनही खरी हवी वाटते, म्हणजे ती लोकांसाठी नाही. व्हेब्लेनचं गणित इथं लागू पडत नाही. ती तुमच्या मुलीच्या कपाटात राहावी आणि पुढे तिच्या मुलीने नेसावी, असं तुम्हाला वाटतंय. महागडी वस्तू घेण्यामागे ही प्रेरणाही असते, आणि मी तिला दिखावा म्हणणार नाही.

फक्त घेताना फसू नका. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, कमळ धाग्यात धागा अडकवून विणलेले असतात. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. उलट्या बाजूला लांबच लांब सुटे धागे दिसले, तर ती यंत्रमागाची. पैठणला राज्य सरकारच्या महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. तिथे माग चालताना एकदा मुलीला घेऊन बघा. एका पदरामागे किती दिवस जातात ते पाहिलं, की किमतीबद्दल कुणाशी वाद घालावा लागत नाही. मात्र पैठणीसाठी अंगावरचं सोनं गहाण टाकायची वेळ येत असेल, तर थांबा. आईचा घोर बघत नेसलेली पैठणी मुलीलाही सुख देणार नाही.

प्रश्न : औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्याचं वडील अजून सांगतात. ती नुसती हौस होती का? (एमबीएची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

हौस तर होतीच. २०१० साली शहरातल्या उद्योजक, व्यावसायिकांनी मिळून १५० गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. एकत्र घेतल्याने कंपनीशी आणि बँकेशी बोलताना वजन आलं, ते शहाणपणच. पण दीडशेच जणांची हौस असती, तर तुझ्या वडिलांना ती इतक्या वर्षांनी आठवली नसती. ‘मराठवाडा मागास’ हे ऐकत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनाही त्या दिवशी उत्तर दिल्यासारखं वाटलं. ज्याला कुणी खिजगणतीत धरत नाही, त्याला महागडी वस्तू आपली हजेरी लावून देते. हे मी कौतुकाने लिहितो आहे, आणि थोड्या दुःखानेही. आमच्या कारागिरांच्या हिमरू कापडाला, पैठणीला, कारखान्यांत तयार होणाऱ्या मालाला ती हजेरी मिळायला हवी होती.

प्रश्न : वर्गात सगळ्यांकडे आयफोन आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेऊ का? व्याज तर नसतं. (विद्यार्थी, लातूर)

व्याज असतं, बाळा. क्रेडिट कार्डवर सहसा तेवढी रक्कम सुरुवातीला किमतीत सूट म्हणून दाखवतात आणि बँक हप्त्यांतून व्याज घेतेच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फी. रोख घेणाऱ्याला कधीकधी आणखी सूट मिळते, ती तुला मिळत नाही. आणि ‘सगळ्यांकडे’ म्हणजे नक्की किती जणांकडे, ते उद्या वर्गात मोजून बघ. मग मला पुन्हा लिही.