खिडक्या पुसायचं काम घेतो, पण एका घरातच अख्खा दिवस जातो. वेग कसा वाढवू?

तुम्ही लिहिलंय की हात भराभर चालतो, तरी दोन खोल्या होईपर्यंत दुपार होते. सुरुवातीला माझंही तसंच व्हायचं. हात हळू चालतो म्हणून वेळ जात नाही. तो जातो पुसलेल्या काचेकडे पुन्हा वळण्यात आणि बादली, फडकं, शिडी यांच्या मागे फिरण्यात.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कमरेला पट्टा. वायपर (काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टी), साबण लावायचा बोळा, स्क्रेपर (खरवडायचं पातं) आणि दोन कोरडी फडकी अंगावरच हवीत. मग घराच्या एका कोपऱ्यापासून निघायचं आणि एकाच दिशेने जायचं. जाळ्या सगळ्या एकदमच काढा, प्रत्येकीवर खिडकीचा नंबर टाका. नाहीतर शेवटी कुठली जाळी कुठे बसते हे शोधण्यातच तासभर जातो.

चौकट आणि खालची खाच कोरड्या ब्रशने आधी झाडा. हे टाळलं की तीच धूळ पाण्यात कालवून चिखल होते आणि नुकत्याच पुसलेल्या काचेवर ओघळते.

आता खुद्द काच. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब पुरतात. जास्त घातला की काचेवर साय धरल्यासारखा थर राहतो आणि काम दुप्पट होतं. बोळ्याने काच भिजवा, कडा विसरू नका. मग वरच्या कडेची बोटभर पट्टी फडक्याने कोरडी करा आणि वायपर तिथेच टेकवा. रबर कोरड्या जागी टेकलं की वरून पाणी गळत नाही. प्रत्येक ओढीत आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढवायची आणि दर ओढीनंतर रबर फडक्याने टिपायचं. मोठ्या काचेवर वायपर न उचलता नागमोडी वळवता येतो, पण तो हात बसायला काही आठवडे जातात, तोवर सरळच ओढा. शेवटी फडकं बोटाला गुंडाळून फक्त कडा टिपा. काचेच्या मध्यभागी फडकं लावायचा मोह होतोच, तो आवरा. तिथे चोळलं की धागे आणि ढगाळ डाग उठतात.

बाहेरून पुसताना वायपर आडवा ओढा, आतून उभा. ओघळ दिसला की तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळतं, आत-बाहेर हेलपाटे पडत नाहीत. मला सगळ्यात जास्त वेळ याच एका सवयीने वाचवून दिला.

दर ओढीत त्याच जागी बारीक रेघ उमटत असेल तर हाताला दोष देऊ नका, रबराला खाच पडली आहे. पट्टी काढून उलटी बसवा, दुसरी धार वापरता येते. तीही गेली की बदला. रबराच्या बाबतीत कंजुषी करू नये.

उन्हात तापलेल्या काचेवर साबण हात फिरायच्या आत वाळतो, म्हणून सावली जिकडे जाईल तिकडे आपण जायचं.

रंगाचे ठिपके काढायला स्क्रेपर वापराल तर काच ओली हवी आणि पातं फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढलं की पात्याखाली अडकलेला कण ओरखडा काढतो. टफन्ड काचेला, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेला, तर घरमालकाला धोका सांगून, त्यांनी होकार दिल्यावरच पातं लावा. त्या काचेवर कधीकधी भट्टीतले बारीक कण चिकटलेले असतात, ते निघून काचभर रेघा पडतात. माझ्या हातून एकदा असं झालं आणि ती काच मी स्वतःच्या पैशाने बदलून दिली.

शिडी टेकवताना चार फूट उंचीला एक फूट या बेताने तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवा. कोपऱ्यापर्यंत हात पुरत नसेल तर उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. ती दोन मिनिटं मी आजही मोजत नाही.